राजाची उडी

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, बुद्धिबळाला बसले की पहिल्या चालीआधीच समोरच्याच्या बाजूच्या एका घरावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "तुमचा राजा हितं मरंल." समोरचा हसायचा. पण खेळ संपेपर्यंत त्याचा राजा त्याच घरात, नाहीतर शेजारच्या घरात मेलेला असायचा. शेजारच्या घरात मेला तर मामा नाराज व्हायचे. जिंकूनही म्हणायचे, "एक घर चुकलो."

मी देगलूरहून लग्न होऊन उदगीरला आले आणि दुसऱ्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. मामांचं कापडाचं दुकान. लग्नंच होईनात तर कापड कोण घेणार? ते दुपारीच दुकान बंद करून घरी यायचे. त्यांच्याशी खेळायला येणारे दोघे होते. त्यातले शिंपीकाका हैदराबादला लेकीकडे निघून गेले आणि दुसरे खडीच्या कामावर हजेरी घ्यायला लागले. मग मामा सोप्यात पट मांडून एकटेच दोन्ही बाजूंनी खेळायचे. इकडची चाल झाली की उठून तिकडे जाऊन बसायचे. आत्याबाई, माझ्या सासूबाई, चुलीपाशून म्हणायच्या, "भाकरीला रेशनचा लाल मिलो, अन् ह्यांच्या घरात दोन दोन राजे."

आमच्या लिंगायताच्या घरात तेव्हा सून सासऱ्याशी बोलत नसे. पदर ओढून दाराआड राहायचं. पाणी द्यायचं तर तांब्या ठेवून मागं सरायचं. मी दाराआड मिलो निवडत बसायची आणि फटीतून पट बघायची. कोण सरळ चालतं, कोण तिरपं चालतं, हे महिनाभरात आपोआप कळलं. एके दिवशी मामा पूजेला उठले तेव्हा पांढरा घोडा मरणार हे मला दिसत होतं. मला राहवलं नाही. मी हात घालून तो दुसऱ्या घरात ठेवला आणि परत येऊन निवडायला बसले.

मामा आले. त्यांनी पटावर वाकून बघितलं. मग म्हणाले, "घोडा कुणी हलिवला?"

आत्याबाई म्हणाल्या, "मांजर आलं असंल."

"मांजराला लई अक्कल हाय," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही ते खेळ अर्धा टाकून उठले. उठताना पांढऱ्या बाजूची चाल आहे एवढं भिंतीकडे बघून बोलले. असं बरेच दिवस चाललं. मग एके दिवशी त्यांनी पट उचलून उंबरठ्याशी आणून मांडला. ते सोप्यात, मी माजघरात, मध्ये पट. आत्याबाईंनी बघितलं आणि फक्त म्हणाल्या, "पदर तेवढा नीट घे."

अडचण पुढं आली. मामांचा नियम होता की शह तोंडानं सांगितला नाही तर तो धरायचा नाही. मी सासऱ्यासमोर तोंड कसं उघडणार? शह देता येत असायचा तरी मी दुसरीच चाल खेळायची. मामांच्या ते ध्यानात आलं. "आत्या," त्यांनी बायकोलाच हाक मारली, नातं माझ्याकडून धरून, "मांजर शह टाळून राहिलंय. असं खेळलं तर मांजर जन्मभर हरंल." त्याच खेळात माझा उंट त्यांच्या राजासमोर मोकळा झाला. मी उंट सरकवला आणि म्हटलं, "शह." इतक्या हळू, की मलाच ऐकू आलं नसेल. मामा मान वर न करता म्हणाले, "मिळाला." त्यांच्यासमोर बोललेला तो माझा पहिला शब्द.

घरात ते मला "तू" म्हणायचे. सगळेच सासरे म्हणतात. पण पटावर बसलं की "तुमी". "तुमची चाल हाय." "तुमी घाई केली." आत्याबाईंना ते फार विचित्र वाटायचं. "सुनेला तुमी?" मामा म्हणायचे, "पटावर सून नसती. समोरचा पाव्हणा असतो, त्याला मारायचं असलं तरी."

बचाव त्यांना आवडायचाच नाही. प्यादी मोजत बसणाऱ्याला ते दुकानात बसवा म्हणायचे. त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की राजाजवळच्या उंटापुढचं जे प्यादं असतं, त्याला सुरुवातीला एकट्या राजाचाच आधार असतो, म्हणून सगळं सैन्य तिथंच न्यायचं. दुसरी गोष्ट पहिल्या शहाची. आमच्या खेळात राजाला सगळ्या डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारता यायची, पण त्याला शह लागायच्या आत. एकदा शह लागला की उडी गेली. म्हणून मामा पहिला शह देण्यासाठी उंटसुद्धा देऊन टाकायचे. "उंट गेला तर जाऊ द्या. राजाचे पाय कापले का न्हाई?"

आणि मग वजिराचा सापळा. समोरच्याच्या उंटानं आपला घोडा असा धरलेला असतो, की घोडा हलला की मागचा वजीर मरतो. तो घोडा बेधडक हलवायचा. समोरचा वजीर खातो आणि खूश होतो. मग आपला उंट शह देतो, एक घोडा वाट अडवतो, दुसरा घोडा मात करतो. पहिल्यांदा मला हे दाखवताना मामा आनंदानं सोंगट्या परत परत मांडत होते. "माणसाला वजीर दिसला की राजा दिसत न्हाई," ते म्हणाले. पण हाच सापळा मी त्यांना दुसऱ्या दिवशी लावायला गेले तेव्हा त्यांनी माझा घोडा उचलून परत जागेवर ठेवला. "एका माणसाला एकदाच. दुसऱ्यांदा लावला तर ती चेष्टा."

दुष्काळ गेला. दुकान चालू झालं, शिंपीकाका परत आले, मला मुलं झाली. तरी दुपारी जेवणानंतर एक डाव उंबरठ्याशी व्हायचाच. दहा वर्षांत मी त्यांच्याशी बोलले ते सगळे वेगवेगळे शब्द मोजले तर सहाच होतील. शह, वजीर, मात, हरले, मांडू का.

मग लातूर जिल्हा झाला. तोवर सरकारी कामाला उस्मानाबाद गाठावं लागायचं, त्यामुळं उदगीरला बाजारात पेढे वाटले. त्याच वर्षी लातूरला एका शाळेत खेळांच्या स्पर्धा ठेवल्या. बायकांचं बुद्धिबळही होतं. माझ्या नवऱ्यानं ही बातमी सहज जेवताना सांगितली. मामांनी हातातला घास ताटात ठेवला. "हिचं नाव द्या," ते म्हणाले. हे म्हणाले, "ती चार माणसांत उभी राहत न्हाई, खेळंल काय?" मामा म्हणाले, "उभं कुठं राहायचंय. बसायचंच हाय."

महिनाभर त्यांनी मला रोज तीन-तीन डाव खेळवले. स्पर्धेच्या दिवशी धुतलेलं धोतर, नवा रुमाल बांधून स्वतः माझ्याबरोबर एस.टी.नं आले. बायकांच्या खोलीत पुरुषांना सोडत नव्हते, म्हणून ते बाहेर व्हरांड्यात खिडकीचे गज धरून उभे राहिले.

माझ्यासमोर दोन वेण्या घातलेली कॉलेजची पोर होती. तिनं पहिलंच प्यादं दोन घरं पुढं टाकलं. आमच्या खेळात प्यादं एकच घर जायचं, म्हणून मला वाटलं, घाईत चुकली. कशाला बोलायचं, म्हणून मी गप्प राहिले आणि माझं प्यादं एक घर सरकवलं. तरी खेळ माझ्या हातात आला. माझे दोन्ही घोडे तिच्या राजाजवळ पोचले. तिचा उंट माझ्या राजाच्या रोखानं येत होता, पण अजून शह लागला नव्हता. मी शिकल्याप्रमाणे राजा उचलला, घोड्यासारखा उडवला आणि बाजूला नेऊन ठेवला. पुढं दोन चालींत तिची मात होती.

पोरीनं हात वर केला. पंच असलेले मास्तर आले. "बाई, हा राजा आहे, घोडा नाही," ते म्हणाले. आजूबाजूच्या बायका हसल्या. "कुणी शिकवलं तुम्हाला?"

मी मान खाली घातली. मामा खिडकीत होते. त्यांच्याकडे बोट कसं दाखवू?

मास्तर वाईट नव्हते. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावून सांगितलं. राजाला उडी नसते. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. "ही जुनी देशी पद्धत. खेड्यापाड्यात म्हातारी माणसं अजून अशी खेळतात. स्पर्धेत चालत नाही." मी राजा परत ठेवला. थोड्याच चालींत हरले. खिडकीकडे बघितलं तर गजांवर हात नव्हते.

येताना एस.टी.त मामा खिडकीशी बसले होते. निम्मी वाट गेली. मग बाहेर बघतच म्हणाले, "मी तुला जुनंपानं शिकिवलं बाई. चार लोकांत हसं केलं तुझं."

त्या वेळी मी बोलायला पाहिजे होतं. पण आमच्यामध्ये पट नव्हता, आणि पटाशिवाय मी त्यांच्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते. मी पदर ओढला आणि गप्प बसले. त्यांनी त्याचा अर्थ काय लावला असेल ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट आणि सोंगट्या धडप्यात बांधून माळ्यावर टाकल्या. शिंपीकाका आले तर त्यांना म्हणाले, "डोळ्याला दिसत न्हाई आता." दुपारी जेवण झालं की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. दोनदा मी गाठोडं काढून उंबरठ्याशी ठेवलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "ठिव वर."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना पोटाचं दुखणं लागलं. अन्न जाईना. डॉक्टरांनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन जे सांगितलं ते घरात सगळ्यांना कळलं. मला एकच लागून राहिलं होतं, की ते जायच्या आत त्यांना कळलं पाहिजे. तोंडानं जमणार नव्हतं. मी चौथी शिकलेली. पोराच्या वहीचा कागद घेतला आणि जोडाक्षरं चुकू नयेत म्हणून तीनदा लिहिलं. "मामा, तुमचं काही चुकलं नाही. बायका हसल्या त्याचं मला काही वाटलं नाही. या घरात मला पटानंच बोलतं केलं. पट काढा. तुमची सून."

दुधाच्या पेल्याबरोबर चिठ्ठी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी घडी उलगडली, कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली. चिठ्ठी परत घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. आठ दिवस मी घरात हलक्या पायानं वावरले. आता पट मागतील, उद्या मागतील, असं वाटायचं. ते मागायच्या आधीच गेले.

आमच्यात माणसाला बसवून नेतात. विभूती लावली, हार घातले, बसवलं आणि नेलं.

पुढचे विधी उरकल्यावर आत्याबाईंनी त्यांचे कपडे मला आवरायला सांगितले. बंडीच्या खिशात माझी चिठ्ठी निघाली. ती हातात घेऊन मी बसले होते, तेवढ्यात आत्याबाई शेजारी येऊन टेकल्या.

"कुणाची चिठ्ठी गं?"

"माझी. त्यांना दिली होती."

"त्यांना कशाला दिलीस? त्यांना मराठी वाचता कुठं येत होतं," आत्याबाई म्हणाल्या. "निजामाच्या शाळेत शिकलेलं माणूस. उर्दू वाचायचे, कानडी थोडं. मराठीचा कागद आला की पोराकडून वाचून घ्यायचे."

ते खरं होतं. घरी आलेलं पत्र मामा नेहमी ह्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. मला वाटायचं, मोठ्या माणसाची पद्धत असेल. इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं, आणि विचारायचं तरी कसं. सुनेनं दिलेली चिठ्ठी त्यांनी पोराला दाखवली नाही. मी काय लिहिलं असेल असं त्यांना वाटलं, कोण जाणे.

"काय लिहिलं होतंस?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांनाही वाचता येत नव्हतं.

मी म्हटलं, "औषधाच्या वेळा."