उरलं पाच फूट

हिच्या पायाला भिंगरी बांधूनच आईने हिला सासरी धाडली, असं फुंकरबाईची सासू म्हणायची, आणि सासूचं तेवढं एक बोलणं खरं होतं. बाई चहासुद्धा उभ्यानेच प्यायची. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका भिंतीला पाठ टेकून पाय पसरायच्या, तेव्हा ही बादल्या हलवत फिरत असायची. कुणी म्हटलं, अगं बस की जरा, तर म्हणायची, बसले की पाय दुखतात.

कारखाना तांतीचा. तांत म्हणजे आतड्याची दोरी. वाद्यांना लागते, खेळायच्या रॅकेटींना लागते. मेंढ्यांची आतडी टबांतून यायची, दोन दिवस पाण्यात मुरायची, मग उतरत्या फळीवर अंथरून बोथट पात्याने खरवडायची. आतला बुळबुळीत थर सगळा निघाला पाहिजे. तो मोरीत जायचा. मागे उरायची काचेसारखी पारदर्शक नळी. तिचं एक तोंड बांधायचं, दुसऱ्यातून फुंकायचं, आणि कुठे हवा निसटते ते बघायचं. भोक सापडलं की तिथे कापायचं, उरलेलं मोजायचं, ओलं असतानाच पीळ घालून वाळत टाकायचं. फुंकायला कुणी राजी नसायचं, कारण उघड आहे. ही सोळाव्या वर्षी आली आणि पहिल्याच दिवशी नळी तोंडाला लावून मोकळी झाली. पुढे पंप आला, पण फुंकरबाई हे नाव चिकटलं ते चिकटलंच. अठ्ठावीस वर्षांत तिच्या पात्याखाली आतडं फाटलं असेल तर एखादंच. बघताक्षणी लांबी सांगायची, मागाहून पट्टी लावली तर वीतभरही चूक निघत नसे.

नवरा दोन गल्ल्या पलीकडे सलून चालवायचा. खुर्च्या दोन, कारागीर एकटाच. माणूस भारी नीटनेटका आणि त्याहून लाजाळू. चारचौघांत ढेकर आला तर माफी मागणारा. बायको आतड्यांत हात घालते हे त्याने गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नव्हतं. विचारलंच तर म्हणायचा, वाद्यांच्या कामात आहे. तिला त्याचा राग यायचा नाही, हसू यायचं. मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते एकमेकांनाच होतं.

एका मंगळवारी सकाळी, गिऱ्हाइकाचा एक गाल झालेला आणि दुसरा फेसातच असताना, त्याच्या पोटात अशी कळ उठली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. या गृहस्थाने काय करावं? आधी दुसरा गाल पुरा केला, तुरटी फिरवली, टॉवेल झटकला आणि मग जमिनीवर बसला. हॉस्पिटलात नेलं तेव्हा कळलं की लहान आतड्याला पीळ पडलाय, रक्त अडलंय, आतडं काळं पडत चाललंय. दुपारपर्यंत त्याचं पोट उघडलेलं होतं.

बाहेर फुंकरबाईने व्हरांड्याच्या इतक्या फेऱ्या मारल्या की रखवालदाराने दोनदा हटकलं. धाकटा दीर बाकावर डोकं धरून बसला होता. शेवटी सर्जनबाई बाहेर आल्या, मागे वॉर्डबॉय, त्याच्या हातात कापडाने झाकलेला ट्रे. काढलेला भाग नातेवाइकांना दाखवायची त्यांची पद्धत होती. कापड बाजूला केलं आणि दिराने तोंड फिरवलं. फुंकरबाई पुढे झाली, वाकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"नऊ फूट," ती म्हणाली.

सर्जनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "पावणेतीन मीटर. म्हणजे नऊच. तुम्ही नर्स आहात?"

"नाही. तांतीच्या कारखान्यात आहे." आणि तिने मोठा श्वास सोडला. सर्जनबाईंना आतून हाक आली, त्या गेल्या. पुढचं विचारायची तिला गरजच वाटली नाही. एका मेंढीच्या पोटात ऐंशी फूट निघतं. माणूस मेंढीहून मोठा. त्यातलं नऊ फूट म्हणजे किस झाड की पत्ती. तिने दिराला धीर दिला, घरी पाठवलं, आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याने डोळे नीट उघडले तेव्हा त्यालाही सांगितलं, "अहो, नऊ फुटाचं काय घेऊन बसलात. तेवढं तर आमच्याकडे रोज जमिनीवर सांडतं." तो बिचारा ओठ कोरडे असतानाही हसला. आपल्याला येतं तेच माणूस विचारत नाही आणि तिथेच फसतो.

पाचव्या दिवशी सर्जनबाई राउंडला आल्या आणि औषधाच्या खोक्याच्या मागच्या बाजूला चित्र काढायला लागल्या. तोंडातून घास अन्ननलिकेने खाली येतो. जठर म्हणजे पोटातली पिशवी. ती घास घुसळते, आम्लात भिजवते आणि थोडा थोडा पुढे सोडते. पुढे यकृताकडून पित्त येतं, स्वादुपिंडाकडून रस येतो, आणि मग लहान आतडं. खरं जेवण तिथे होतं. अन्नातलं सत्त्व तिथून रक्तात जातं. मोठं आतडं पाणी शोषतं आणि उरलेलं बाहेर धाडतं.

"आणि लहान आतडं असतं किती?" फुंकरबाईने विचारलं. उत्तर माहीतच आहे अशा थाटात विचारलं.

"जिवंत माणसात पंधरा फुटांच्या आसपास. यांचं चौदा होतं. आता पाच उरलंय."

कॉटची दांडी तिने धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता स्टुलावर बसली. माणूस मेंढीच्या पासंगालाही पुरत नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सर्जनबाई समजुतीने म्हणाल्या, "मेंढी गवत खाते, तिला लांब लागतं. घाबरू नका. मोठं आतडं शाबूत आहे, दोन्हींमधली झडप शाबूत आहे. पाच फुटांवर माणसं जगतात. नळीच्या लांबीवर सगळं नसतं, आतल्या अस्तरावर असतं. त्याला बारीक लव असते, ती अन्न शोषते."

"आतला तो बुळबुळीत थर?"

"तोच. तो आता वाढेल. लव उंच होईल, दाट होईल, पाच फूट जास्त काम करायला लागेल. वर्ष लागेल, दीड वर्षही लागेल. पण एकच अट आहे. आतून अन्न जात राहिलं पाहिजे. दिवसातून सहा-सात वेळा, थोडं थोडं. खाल्लं तर वाढेल, उपाशी ठेवलं तर सुकून जाईल."

फुंकरबाईने आपले दोन्ही हात पदरात घेतले.

नवऱ्याला तिने सगळं खरं सांगितलं, आपली चूकही सांगितली. तो छताकडे बघत म्हणाला, "एकदा म्हणतेस काहीच नाही, एकदा म्हणतेस सगळंच गेलं. मी कुठलं धरू?"

दोन महिन्यांनी त्याने सलून उघडलं. ती पहाटे उठून पाच डबे भरायची: मऊ भात, उकडलेला बटाटा, अंडं, केळं, सोबत मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली. प्रत्येक झाकणावर वेळ लिहायची. डबे परत यायचे ते चाटूनपुसून लख्ख. आणि माणूस वाळत चालला होता. एकसष्ट किलोचा बावन्न झाला, बावन्नचा सत्तेचाळीस. गळ्याचं हाड वर आलं. सर्जनबाईंनी वजनाचा काटा बघितला, तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं की पंचेचाळीसच्या खाली गेले तर शिरेतून अन्न द्यावं लागेल, रोज दहा-बारा तास नळी लावून, आणि ते किती वर्षं चालेल सांगता येत नाही. "खातात ना नक्की?" त्यांनी विचारलं. "खातात हो," ती म्हणाली, "डबे मीच धुते."

पण जिवाला घोर लागला तो लागलाच. फळीवर उभी राहायची आणि पातं थांबायचं. खरवडलेला थर मोरीकडे सरकताना दिसला की हात पुढे जाईना. मुकादम म्हणाला, बाई, तब्येत बरी नाही का? त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिने एप्रन खुंटीला टांगला आणि तडक सलून गाठलं. पुढच्या दाराने नाही, मागच्या बोळाने, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

बोळात दोन मांजरी बसल्या होत्या. इतक्या गुबगुबीत मांजरी तिने उभ्या जन्मात बघितल्या नव्हत्या. पोटं जमिनीला टेकलेली, उठायचाही कंटाळा. मागचं दार उघडलं, नवऱ्याचा हात बाहेर आला, हातात डबा होता. झाकणावर तिच्याच अक्षरात 'एक वाजता' लिहिलेलं. हाताने डबा उपडा केला.

तिने तो हात मनगटाला धरला आणि आत शिरली.

सलून रिकामं होतं. तिला ओरडायचं होतं, पण आवाज फुटला तो हळू. "तुम्हाला मरायचंय का?"

"नाही," तो म्हणाला.

"मग हे काय?"

तो कंगवे सरळ करत म्हणाला, "खाल्लं की अर्ध्या तासात पळावं लागतं. धीरच धरवत नाही. परवा एकाला फेस लावून गेलो. परत आलो तर तो आणि दुसरा हसत होते. लोक माझ्यासमोर मान वर करून डोळे मिटतात गं. गळ्यावर वस्तरा असतो. त्यांना तसं सोडून पळायचं? लाज वाटते मला. उपाशी असलो की बरा असतो."

"बरे असता? आरशात बघा जरा, सहा फुटी आरसा आहे तुमच्याकडे." मग तिचा बांध फुटला. "अठ्ठावीस वर्षं मी तो थर घाण म्हणून मोरीत सोडला. माणूस ज्याच्यावर जगतो तोच. मला माहीत नव्हतं. आता या जगात माझ्यासाठी पाच फूट आहे, तेवढंच आहे, आणि ते तुम्ही लाजेपायी सुकवताय. तुम्ही गेलात तर मी काय करू? कुणासाठी घरी जाऊ?"

त्याने मान खाली घातली. तिने दोनचा डबा उघडला, चमचा त्याच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. तो खाऊ लागला. दोन घास खायचा, तिच्याकडे बघायचा, परत दोन घास. डबा संपला.

तेवढ्यात वकील आले. आठवड्याला दोनदा यायचे. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की दाढी संपली तरी थांबायचा नाही, गळ्यावर वस्तरा आला की तेवढी पाच मिनिटं काय ती शांतता. ते खुर्चीत रेलले, कुणाच्या तरी खटल्याची कथा लावली आणि डोळे मिटले. त्याने फेस केला, डावा गाल झाला, हनुवटी झाली. फुंकरबाई दाराशी उभी होती. तिने पाहिलं, त्याच्या कपाळावर घाम आला, खांदे ताठरले, वस्तरा हवेतच थांबला. त्याने तिच्याकडे असं बघितलं की बघवेना.

"जा," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"जा म्हणते ना."

तो गेला. तिने हात धुतले, वस्तरा उचलला, अंगठ्याने कोन जोखला. मग वकिलांच्या उजव्या गालाची कातडी दोन बोटांनी ताणली आणि पातं ठेवलं. वकिलांनी डोळे उघडले.

"बाई, तुम्ही? अहो..."

"बोलू नका," ती म्हणाली. "आता गळा आहे."

वकील बोलले नाहीत. श्वासही बेताबेतानेच घेत होते. पातं कानापासून खाली आलं, जबड्याच्या कडेने वळलं, गळ्यावरून वर गेलं. कुठे ओरखडा नाही, कुठे थेंब नाही. एवढा वेळ ती एका जागी उभी होती आणि पाय हलला नव्हता, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

नवरा परतला तेव्हा ती तुरटी फिरवत होती. तो दारातच थांबला. मग पुढे आला आणि बोटांच्या मागच्या बाजूने वकिलांचा उजवा गाल तपासला, नंतर डावा, परत उजवा.

"कानाखाली दोन केस राहिलेत," तो म्हणाला.

"राहू देत," वकील घाईघाईने म्हणाले.

त्याने ते दोन केस काढले, टॉवेल झटकला, हात धुतले. घड्याळात अडीच वाजत होते. त्याने रिकामी खुर्ची ओढली, तीनचा डबा उघडला आणि वकिलांच्या समोर बसून खायला सुरुवात केली.