लेकीच्या पॉइंटवरचं अंथरूण

माझ्या लेकीने मला पॉइंटवर विमानात झोपवून नेलं, अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला. गावात हे कोणाला सांगितलं की ऐकणारी बाई आधी माझ्या तोंडाकडं बघते आणि मग विचारते, "पॉइंट म्हणजे काय गं?" तिथे माझं अडतं. चार बायकांत बोलायचं म्हटलं की मी निम्म्यातच थांबते. लिहिताना तसं होत नाही.

लेक राहते अमेरिकेच्या उगवतीच्या बाजूला आणि तिच्या कंपनीचं काम मावळतीच्या बाजूला. मधला सगळा देश तिला विमानाने ओलांडावा लागतो, आठवड्याला जाऊन येऊन. आपल्याकडे माणसं नगरहून पुण्याला एसटीने जातात तशी ती जाते. जितकं जास्त विमानात बसेल तितके विमानवाले तिच्या नावावर पॉइंट टाकतात. पुष्कळ साठले की त्यावर फुकट तिकीट मिळतं.

तिने हे फोनवर समजावलं तेव्हा आमचे मालक म्हणाले, "म्हंजी आपल्या डेअरीवानी. दुधाला फॅट चांगली लागली की पॉइंट."

"तसंच समजा आप्पा," ती म्हणाली. "फकस्त हितं दूध बी मीच अन् गाय बी मीच."

मालक माझ्याबरोबर आले नव्हते. दोन गाई आणि कालवड कोणाच्या जिवावर सोडायची, हा त्यांचा प्रश्न. "तू जाऊन ये," म्हणाले. "गाईला काय व्हिसा मिळायचा न्हाई."

पॉइंट हे नाव मला तेव्हा कळलं, पण त्यांची ओळख मला आधीपासून होती. तिचा फोन यायचा, मी सांगायला लागायचे की कालवडीने दोर तोडला, की शेजारणीच्या सुनेला मुलगी झाली, आणि मधेच ती म्हणायची, "आई, विमानाचं दार लावत्यात, ठिवते." मग माझं अर्धं बोलणं माझ्यापाशीच राहायचं. त्या तुटलेल्या बोलण्यांचेच पॉइंट झाले होते.

मुंबईहून तिच्याकडे जाताना सगळा प्रवास मी पाय खाली सोडून बसले होते. उतरले तेव्हा पाय इतके सुजले होते की चपलेच्या अंगठ्यात बोट जाईना. लेकीने घरी नेऊन पायांना तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "फुडच्या आठवड्यात तुला माझ्याबरोबर कामाच्या गावाला न्यायची. तिकडचा समुद्र दाखवते. पन असं पाय लोंबकळत न्हाई. झोपून जायचं."

"अन् तू?"

"पॉइंट एकाच जागेपुरतं हायत. मी मागं बसते. मला काय नवल न्हाई त्याचं, मी कायम फुडंच झोपून जाते. कटाळा आलाय."

मी खरं मानलं.

सकाळचं विमान होतं. माझी जागा म्हणजे बाकडं नव्हतं, कमरेएवढ्या भिंतींची एक खोली होती. तिला सरकतं दार होतं. लेक मला बसवून द्यायला तिथवर आली. पट्टा बांधला आणि म्हणाली, "हे दाबलं की पाय वर येत्यात." तिने दाबलं तर दिवा लागला. दुसरं दाबलं तर पाठच हलायला लागली आणि ती दचकून हसली. मग तिने त्या भिंतीवरून हात फिरवला. कापडाच्या दुकानात आपण न घ्यायच्या साडीवरून फिरवतो, तसा.

मी विचारलं, "कायम हितंच बसती ना तू?"

"हे नवीन विमान हाय," असं म्हणून तिने कानाची पाळी ओढली. तिचे वडीलही खोटं बोलताना कान ओढतात. ती कधीच त्या जागेवर बसली नव्हती. आजवरचे सगळे पॉइंट तिने राखून ठेवले होते. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि ती मला म्हणत होती, "निवांत झोप." मग ती मागे गेली, दोघांच्या मधल्या जागेवर.

मी चपला काढल्या आणि दाराबाहेर, चालायच्या वाटेवर नीट जोडून ठेवल्या. आमचं गाव शनिशिंगणापूर. आमच्याकडे घरांना दारं नाहीत. फार तर पडदा असतो किंवा कुत्रं येऊ नये म्हणून एखादी फळी. बाहेरच्या चपला बघून कळतं की घरात कोण आहे, आणि आत जायच्या आधी माणूस खोकतो. विमानातल्या बाईने माझ्या चपला उचलून आत ठेवल्या. ती गेल्यावर मी त्या पुन्हा बाहेर ठेवल्या. तिने परत येऊन बघितलं, जरा हसली आणि त्या भिंतीला चिकटवून बाहेरच राहू दिल्या. मग तिने माझं दार ओढून घेतलं. तिच्या हिशोबाने ते सुखच असेल. मला वाटलं, आता इकडे कोणी डोकावणारसुद्धा नाही. मी ते पुन्हा अर्धं उघडलं.

जेवण पांढऱ्या कापडावर आलं. लेकीने शाकाहारी सांगून ठेवलं होतं. खोटं कशाला लिहू, मला आवडलं. बशी गरम करून आणली होती. जन्मात मला कोणी गरम बशीत वाढलं नव्हतं. वाढणारी मीच असते.

जेवण झाल्यावर त्या बाईने काहीतरी विचारलं. मी मान हलवली. मला कळलं नाही तरी मी मान हलवते, ही माझी जुनी सवय आहे. तिने मला उभं केलं, बटण दाबून जागा सपाट केली, वर पातळ गादी टाकली, उशी ठेवली, गोधडीसारखं मऊ पांघरूण सारखं केलं. दिवसाढवळ्या मला अंथरूण घालून दिलं. सगळ्यांनी खिडक्यांची झापडं ओढली होती. मी आडवी झाले. एरवी कुरकुरणारे गुडघे सरळ झाले आणि गप्प बसले.

पण झोप येईना. हे अंथरूण जिच्या जागरणातून आलं ती मागे बसली होती, आणि मी तिच्यावर अंग टाकून पडले होते. मी नुसती उठून गेले असते तर तिला वाटलं असतं, आईला आवडलं नाही, एवढं करून वाया गेलं. नाही उठले तर ती आणखी कैक वर्षं मागेच बसली असती, आणि परत पॉइंट साठले की परत मलाच दिले असते. काही झालं तरी एकदा तिने इथे झोपायला हवं होतं.

गावात किराण्याच्या दुकानातसुद्धा मी मालकांना पाठवते. इथे कोणाला पाठवणार? विमानवाल्यांनी दिलेले मोजे पायांत होतेच, तशीच उठले. पुढच्या आणि मागच्या लोकांत पडदा होता. पडद्यापाशी आले आणि सवयीने खोकले. ती बाई पलीकडून आली आणि मला संडासाचं दार दाखवलं. मी मान हलवली, ह्या वेळी आडवी. गालाखाली हात ठेवून झोपेची खूण केली. तिने माझ्या खोलीकडे बोट दाखवलं. मला दरदरून घाम आला. मग माझ्याकडे होता तेवढा एकच शब्द काढला, "डॉटर." तिने पडदा बाजूला धरला.

लेक मांडीवर लॅपटॉप घेऊन, कोपर पोटाशी आवळून काम करत होती. मला बघून घाबरली. "काय झालं? पाय दुखत्यात का?"

"न्हाई. पाय लई खूश हायत."

"मग हिकडं कशाला आली?"

"मला तिथं दार लावून बसवलंय. शिंगणापूरच्या बाईला."

ती हसली, पण लगेच म्हणाली, "आई, हे तुझ्यासाठी केलं मी. जा, पड."

"पडले की. जेवले, पडले, पाय लांब करून झालं. आता त्या बाईनं अंथरूण घातलंय, गादी ऊब धरून हाय. घातलेलं अंथरूण मोकळं ठिवायचं का?"

"तू झोप ना त्यात."

"मी घरी रोज झोपते. तू कधी झोपती?"

"मी सांगितलं ना, मी कायम..." तिचा हात कानाकडे गेला.

मी तो हात धरला. "कान सोड. तुझ्या बापासंगं संसार केलाय मी."

वाटेकडच्या जागेवरच्या बाईला आमचं काही कळत नव्हतं, तरी ती गालात हसत होती. लेकीने खाली बघितलं. तिचे डोळे भरले होते की दमले होते, ते मला कळलं नाही. "अर्धाच तास," ती म्हणाली. "मग तू परत यायचं." तिने विमानातल्या बाईला इंग्रजीत विचारलं. ती बाई जरा विचार करून माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिनेही माझ्यासारखीच गालाखाली हात ठेवून खूण केली.

मी दोघांच्या मध्ये बसले. खिडकीकडचा दांडगा माणूस घोरत होता, मळ्यातल्या इंजिनासारखा. त्या आवाजाने मला घरच्यासारखं वाटलं. अर्धा तास केव्हाच होऊन गेला, लेक आली नाही. आपण केलं ते बरोबर का, असं सारखं मनात येत होतं. ती तिथे बसून रडत असेल, की परत लॅपटॉप उघडला असेल?

शेवटी राहवलं नाही. पडद्यापाशी गेले आणि ह्या वेळी न खोकता फटीतून बघितलं. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. दाराबाहेर भिंतीला चिकटून माझ्या चपला होत्या आणि त्यांच्या शेजारी, टाचा जुळवून, लेकीचे बूट. पांघरुणातून तिचा एक पाय बाहेर आला होता. लहानपणी ती अशीच झोपायची, एक पाय बाहेर टाकून.

मी परत येऊन बसले. विमान उतरायला लागून त्या बाईने हलवेपर्यंत ती उठली नाही. उतरल्यावर माझ्या चपला हातात घेऊन ती वाटेत उभी होती. गालावर उशीचा वळ होता. तिने चपला माझ्या पायांपाशी ठेवल्या.

मालकांचा फोन तिथेच आला. "झोप लागली का गं इमानात?"

मी लेकीकडे बघितलं. ती जांभई देत होती.

"लागली," मी म्हणाले. "लई गाढ लागली."