सिपनाकाठच्या सिस्टर

कोणी सांत्वनाला आलं, की सिस्टर त्याला शेवटपर्यंत बोलू देत आणि मग विचारत, "झालं? मंग आता चहा घेता का निंगता?" बहुतेक लोक निघत. उरत त्यांना चहा मिळे, पण साखर कमी.

अमरावतीला आमच्या शेजारचं घर त्यांचं. आयुष्यभर दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा सुमेध त्यांनी नाईट ड्युट्या करून वाढवला. तो नुकताच नोकरीला लागला होता. अकोल्याहून मोटारसायकलवर परत येताना त्याला ट्रकने उडवलं. सिस्टरांनी त्याचे कपडे धुतले, इस्त्री केली, कपाटात ठेवले आणि खोलीला कडी घातली. त्या रडलेल्या मी पाहिल्या नाहीत. त्यानंतर सुमेधचं नाव त्यांच्या तोंडून येईना. एक भाकरी भाजायच्या, ती ओट्यापाशी उभ्यानेच खायच्या, कधी तीही नाही. वाळून चालल्या होत्या. पौर्णिमेला विहारात जाणंही थांबलं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिथं सारे माह्याकडं पाह्यतात. बुद्धाकडं कोणी पाहून नाई राहिलं."

दुःखावर उपाय सुचवणाऱ्यांचा मात्र घरी राबता होता. एका बाईंनी स्फटिकांची माळ आणली, ती सिस्टरांनी खिडकीच्या पडद्याला बांधली. एक निवृत्त साहेब तळहातातून ऊर्जा सोडत. त्यांनी डोक्यावर हात धरताच सिस्टरांनी त्यांचं मनगट पकडून नाडी मोजली आणि "तुमचंच बीपी वाढलं हाये, गोळी घ्या," म्हणून परत पाठवलं. हास्यक्लबची मंडळी फाटकाशी हसून दाखवत उभी राहिली तेव्हा त्यांनी फाटक उघडलंच नाही. आतूनच म्हणाल्या, "हसून झालं की घरी जा."

माझ्या ऑफिसातल्या एकीने सेमाडोहच्या जंगलातल्या शिबिराची तारीफ केली. निसर्गाच्या कुशीत मन बरं होतं, असा शिबिरवाल्यांचा दावा. मी सिस्टरांना भीतभीतच विचारलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तू एकटी जाशीन त झाडाले लटकवतीन तुले. चाल, मी येतो."

म्हणजे त्या माझ्या रक्षणासाठी आल्या होत्या.

शिबिर चालवणारा पुण्याचा एक तरुण होता. केसांचा बुचडा, सुती सदरा, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला आपण आधीच आजारी आहोत असं वाटावं. पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, "आज आपण जंगलात स्नान करणार आहोत. पाण्याविना."

"मंग साबण कायले आणाले लावला?" सिस्टरांनी विचारलं.

त्याने डोळे मिटून स्मित केलं. नंतर प्रत्येकाला एकेक साग नेमून दिला. त्याला मिठी मारायची आणि आपलं दुःख त्याला देऊन टाकायचं. शहरांतून आलेली माणसं खरोखर सागांना बिलगली. एक गृहस्थ तर हुंदके देऊ लागले. त्यांच्या सदऱ्यात मुंग्या शिरल्या होत्या, हे मागाहून कळलं. सिस्टर कमरेवर हात ठेवून आपल्या सागासमोर उभ्या राहिल्या.

"आजी, द्या ना त्याला," तरुण हळुवारपणे म्हणाला.

"त्यानं काय पाप केलं?" सिस्टर कडाडल्या. "एवढी वर्षं वार्डात काढली मी. एकाचं दुखणं बाजूच्या खाटेवर नाई टाकलं कधी. माह्या पोराचं आहे थे. माह्यापाशीच राहीन."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मुलाचा उल्लेख केला, तोही भांडताना. मग पदर खोचून त्या तरातरा निघून गेल्या.

जेवणाची वेळ झाली तरी परतल्या नाहीत, तेव्हा मी घाबरून शोधायला निघाले. सिपना नदी तिथून जवळच. मार्चमध्ये तिचं पाणी आटून डोह उरलेले. एका डोहाकाठच्या ओल्या वाळूत सिस्टर मांडी घालून बसल्या होत्या, आणि त्यांच्याभोवती वाळू हलत होती. जवळ गेल्यावर दिसलं, ती फुलपाखरं होती. पिवळी, पांढरी, मधूनच एखादं निळं, एकमेकांना खेटून शेकड्यांनी बसलेली. सोंड ओल्या वाळूत खुपसून पीत होती. एक पिवळं त्यांच्या घामेजल्या मनगटावर होतं.

"पाय जपून टाक," त्या कुजबुजल्या. आवाज दाबून बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होते. "मीठ पायजे त्याईले. सारा वार्ड सलाईन लावून बसला हाये पाह्य."

मी शेजारी बसले. मनगटावरचं फुलपाखरू उडालं, दुसरं येऊन बसलं.

"सुमेधले लहानपणी लय घाम ये," त्या एकदम म्हणाल्या. "उशी ओली होऊन जाये." मग त्या बोलतच राहिल्या. त्याचे दात, त्याचं गणित, त्याने पहिल्या पगारात आणलेली साडी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलेल म्हणून त्यांनी ते पुसलं नाही.

घरी परतल्यावर त्यांनी सुमेधच्या खोलीची कडी काढली. बसून जेवू लागल्या. पावसाळा सोडला तर आम्ही दोघी अधूनमधून परतवाड्यावरून बसने सेमाडोहला जाऊ लागलो. शिबिराकडे न फिरकता थेट नदीवर. कोणी कौतुकाने विचारलं, "जंगलात बरं वाटलं ना?" तर फाडकन उत्तर येई, "बरं वाटाले मी बिमार होती का?" जिभेला काही त्या नदीने गुण दिला नाही.

पुढे गुडघे गेले, मग हृदय थकलं. अकोल्याच्या बहिणीने त्यांना आपल्याकडे नेलं. गेल्या मार्चमध्ये मी एकटीच सेमाडोहला गेले. तिकडे रेंज नावापुरतीच, पण डोहावरच्या पुलाखाली अवचित फोन लागला.

"सिस्टर, मी सिपनावर आहे. फुलपाखरं आलीत. फार सुंदर दिसतंय."

"सुंदर म्हणू नोको," क्षीण आवाजात त्या खेकसल्या. "सुंदर त कॅलेंडरबी असते. काय दिसून राहिलं थे सांग."

मी सांगू लागले. रंग, पंखांची उघडझाप, मधेच सगळी एकदम उठून पुन्हा बसली ते. ऐकता ऐकता त्या म्हणाल्या, "फोन खाली ठेव. वाळूत, त्याईच्या जवळ."

"पण त्यांचा आवाज नसतो, सिस्टर."

"तुले काय करायचं? ठेव."

तो आमचा शेवटचा फोन ठरला. मी फोन ओल्या वाळूवर ठेवला आणि मागे सरकून बसले. एक पिवळं फोनच्या कडेला येऊन बसलं, गेलं. दगडांतून पाण्याची बारीक धार वाहत होती. बऱ्याच वेळाने, त्यांना झोप लागली असेल किंवा रेंज गेली असेल असं वाटून, मी फोन उचलून कानाला लावला.

"उचलला काहून?" सिस्टर म्हणाल्या.

मी तो पुन्हा खाली ठेवला.