कोबेच्या पुढचा मुक्काम

तांब्याचा गडू कानाशी धरून हळूच हलवला, की आतलं पाणी बोलतं. फार नाही, एखादं तान्हं मूल झोपेत ओठ चाटतं ना, तेवढाच आवाज. गडूचं तोंड तांबटानं झाळून बंद केलेलं आहे. त्यामुळे ते पाणी दिसत नाही, त्याचा वास येत नाही, त्याची चव कुणाला ठाऊक नाही. तरी रोज सकाळी मी गडू उचलतो, कानाशी नेतो, धातूचा गारवा क्षणभर कानाच्या पाळीला लागू देतो आणि पुन्हा कोनाड्यात ठेवून देतो. शहागडच्या घाटावर भरलेलं हे गोदावरीचं पाणी एकदा समुद्र ओलांडून जपानच्या किनाऱ्याला लागलं, आणि गेलं तसंच परत आलं. जालन्यात हे कुणालाही माहीत नाही. जालन्याची समजूत अशी, की हे पाणी जपानातल्या एका घरात, एका म्हातारीच्या देवापाशी आहे. ती समजूत मीच करून दिली. आता ती माझ्याच हातानं मोडावी, म्हणून लिहायला बसलो आहे.

निजामाच्या राज्यातलं ते जालना आज डोळ्यांसमोर आणायचं, तर आधी त्याचा वास आठवावा लागतो. दिवाळी सरली, की गावावर सरकीचा, वाफेचा आणि दाबलेल्या कापसाचा एक उबदार दर्प पसरायचा. जिनिंगच्या धुराड्यांखालून गाड्यांच्या रांगा सरकायच्या. बैलांच्या शिंगांवर, बाभळींच्या काट्यांवर, बायकांच्या पदरांवर कापसाचे पुंजके अडकलेले असायचे, जणू आकाशानंच आपला एखादा जुना ढग पिंजून गावावर उधळला होता! किसनलालजी सेठ यांच्या जिनिंगमध्ये मी पारखी होतो. चिमूटभर कापूस बोटांत धरायचा, ओढून त्याच्या धाग्याची लांबी पाहायची आणि त्याची प्रत सांगायची, हे माझं काम. आणि हेच काम करायला दर हंगामात मुंबईच्या एका जपानी पेढीकडून एक तरुण यायचा. त्याचं नाव हायाशी. हमालांनी त्याचं 'हयासाब' केलं होतं.

तो आमच्या आवारातल्या खोलीत उतरायचा आणि आमच्याच घरी जेवायचा. पहिल्या दिवशी त्यानं भाकरी हातात घेतली, दोन्ही हातांच्या चिमटीत धरली आणि कापसासारखी हळूहळू ओढायला लागला. माझी बायको पार्वती चुलीपुढून हसत ओरडली, "भाऊजी, भाकर हाय ती, कापूस न्हाई! तोडा नीट." त्याला शब्द कळले नाहीत; हसणं कळलं. पुढच्या हंगामापर्यंत शब्दही कळायला लागले. 'जल्दी न्हाई, बराबर पाहिजे,' हे त्याचं आवडतं वाक्य झालं. मराठी, दख्खनी आणि कुठून कुठून उचललेली हिंदी यांची मोळी बांधून तो बोलायचा, आणि अंगणात बसून आपल्या गावाबद्दल सांगायचा: समुद्राकाठचं गाव, भाताची खाचरं, आणि घरी एकटी आई.

एका हंगामात तो आला तोच थकलेला. विषमज्वर निघाला. डॉक्टर आले, काढे झाले, पार्वतीनं कपाळावरच्या ओल्या घड्या बदलता बदलता नवस बोलले. ताप उतरला नाही. अखेरच्या दिवशी त्याला खिडकीतून सीताफळांची पाटी दिसली आणि त्यानं हात पुढे केला. पार्वती म्हणाली, "तापात सीताफळ? थंड पडल ना! बिलकुल न्हाई द्यायची." त्यानं हात जोडले. मग तिनं एक फळ फोडून दिलं. त्यानं ते लहान मुलाच्या एकाग्रतेनं खाल्लं, 'गोड' म्हणाला, आणि काळ्याभोर बिया मुठीत धरून ठेवल्या. दिवेलागणीला तो गेला. मूठ तशीच मिटलेली होती.

आम्ही त्याला कुंडलिका नदीच्या काठी अग्नी दिला. अस्थी सावडून घरी आणल्या तेव्हा किसनलालजी म्हणाले, "पारखी, मुंबईला तार करू. त्यांच्यात काय रीत हाय, ते विचारून घेऊ. मंग करू बराबर."

त्यावर मी जे बोललो, ते वाक्य मला आजही झोपेतून उठवतं. मी म्हणालो, "विचारायचं काय त्यात, सेठजी? गंगेपेक्षा मोठं काय हाय?"

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मी गाडी जोडली, शहागडला गेलो, थंडीनं निवळलेल्या त्या निळसर पात्रात कमरेएवढा उतरलो आणि हायाशीच्या अस्थी सोडल्या. किती कृतार्थ वाटलं होतं तेव्हा! आप्त नसलेल्या एका माणसाला आपण आपल्याकडचं सर्वांत पवित्र ते दिलं, या जाणिवेनं माझा ऊर भरून आला होता. गावानंही कौतुक केलं. परक्या मुलखातल्या पोराला गंगा दिली, असं लोक माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुंबईहून हायाशीचा सहकारी आला. त्याच्या हातात पांढरं स्वच्छ कापड होतं, पेटी बांधायला आणलेलं. त्यानं अस्थी मागितल्या. मी मोठ्या अभिमानानं गंगेची हकीकत सांगितली. तो ऐकत राहिला. मग त्यानं ते कापड पुन्हा घडी घडी करून दुमडलं, खिशात ठेवलं आणि मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाला, "माँ ने जगह रखी है." मागाहून कळलं, की त्यांच्याकडे हाडं पाण्यात सोडत नाहीत, घरी नेतात, कुळाच्या थडग्यात बापजाद्यांशेजारी ठेवतात, आणि आई तिथं जाऊन बोलते, फुलं वाहते, धूप लावते. मी त्या बाईचा मुलगा वाहत्या पाण्यात सोडून दिला होता. तो सहकारी मला रागावला असता, तर किती बरं झालं असतं! तो कमरेत वाकला, नमस्कार केला आणि स्टेशनाकडे निघून गेला.

माया न विचारता हात पुढे करते, तेव्हा ती किती निर्दय होऊ शकते! आपण देतो ते आपल्याला मोलाचं असतं; पण घेणाऱ्याच्या ओंजळीत ते मावतं का, हे कोण पाहतं?

पुढच्या वर्षी कापसाच्या व्यापाऱ्यांनी आगबोटीनं सफर काढायचं ठरवलं. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग पाहत पाहत कोबे बंदर गाठायचं, जपानच्या गिरण्या बघायच्या आणि परत फिरायचं. किसनलालजी म्हणाले, "तुमीबी चला. खर्चा माझ्याकडं." आणि मग आवाज उतरवून, "तिकडं तुमचं एक काम हाय ना."

तो हिवाळा मी त्या कामाच्या बेतात घालवला. मंडळी परत फिरली, की मी एकट्यानं मागं राहायचं, आठवडाभर मुक्काम करायचा आणि पुढच्या बोटीनं यायचं, असं ठरलं. जिनिंगच्या नमुन्यांच्या खोलीत, कापसाच्या पुड्यांमध्ये जागा करून मी नकाशा पसरायचो. कोबेला एका गुजराती गृहस्थाची खाणावळ होती, तिथं उतरायचं. तिथून कोणती आगगाडी, गाव कोणतं, ते सगळं हायाशीच्या सहकाऱ्याला पत्रानं विचारून घेतलं. या वेळी मात्र विचारून! स्टेशनातून खाचरांच्या बांधानं समुद्राकडे चालायचं. जोडे उंबऱ्याबाहेर काढायचे. जमिनीवर बसून वाकायचं. चहा दोन्ही हातांनी घ्यायचा. पार्वतीला वेगळीच काळजी. "तिकडं मासे खात्यात म्हणं. तुमी काय खाल?" मी म्हणायचो, "भात." "नुसता?" "तुझं मेतकूट हाय ना." दशम्या, मेतकूट, लिंबाचं लोणचं यांनी ट्रंक भरली. पण म्हातारीला न्यायचं काय? रिकाम्या हातानं कसं जायचं? यावर मी कित्येक दिवस अडलो होतो. शेवटी पार्वतीच भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरगं गंगेत हाय तिचं. मंग गंगाच न्या की तिच्याकडं."

मी पुन्हा शहागडला गेलो, गडू भरला आणि तांबटाकडून तोंड झाळून घेतलं.

समुद्राचं काय सांगू? आमच्या कोरड्या मुलखातल्या माणसाला एवढं पाणी पाहून आधी भीती वाटते आणि मग आपलं दुःख फार लहान वाटायला लागतं. पण बंदर आलं, की ते पुन्हा मूळ आकाराचं होतं. कोबेला गिरण्या पाहून झाल्या. मंडळी बोटीवर चढली. धक्क्यावरून मी हात हलवत राहिलो, आणि बोट नाहीशी झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की या बेटावर मला नावानं हाक मारील असं आता कुणी नाही. माणसांनी गजबजलेल्या रस्त्यात मी उभा होतो आणि माझ्याभोवती एक अदृश्य मैदान पसरलं होतं. हायाशीला आमच्या जालन्यात पहिल्या दिवशी असंच वाटलं असेल का? पण त्याला भाकरी तोडायला शिकवणारं कुणीतरी भेटलं होतं.

रोज सकाळी गडू पिशवीत घालून मी स्टेशनावर जायचो, आणि रोज गाडी माझ्यावाचून सुटायची. अखेर एके दिवशी चढलो. ठरवल्याप्रमाणे ते लहानसं स्टेशन आलं. ठरवल्याप्रमाणे खाचरं होती, बांध होता, पलीकडे समुद्राची करडी रेघ होती. बांधाच्या तोंडाशी एक म्हातारी लांब दांड्याच्या खराट्यानं पानं झाडत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी गाडी ठरवली होती, वाट ठरवली होती, बसणं आणि वाकणंसुद्धा ठरवलं होतं. पण त्या माऊलीशी बोलायचं पहिलं वाक्य कोणतं, ते मात्र ठरवलं नव्हतं. तिनं विचारलं, की माझा मुलगा कुठं आहे, तर गडू पुढे करायचा? मी वाकलो. तीही खराटा छातीशी धरून वाकली. ती हायाशीची आई होती, की दुसरी कुणी? मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. न विचारण्याची ही माझी दुसरी वेळ. परतीच्या गाडीत बसलो तेव्हा मांडीवरच्या पिशवीत पाणी हिंदकळत होतं.

जालन्याच्या स्टेशनावर किसनलालजी हार घेऊन उभे होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दिलं का बराबर?" मी म्हणालो, "दिलं." एकच शब्द! पण त्याच्यामागून सारा बेत जिवंत होऊन आला. पार्वतीनं विचारलं, "कशी व्हती माय त्याची?" मी सांगितलं, वाकलेली, हातात खराटा. उंबऱ्याशी जोडे काढले, चहा घेतला, गडू तिनं कपाळाला लावला. हिवाळाभर जे जे योजलं होतं, ते ते घडलं म्हणून सांगत गेलो. आणि ते इतकं बारकाव्यानं योजलेलं होतं, की कुणाला शंका आली नाही. पार्वती डोळे पुसत म्हणाली, "मोकळं झालं बाई पोरगं." तेव्हापासून दरवर्षी सर्वपित्रीला ती आमच्या पितरांच्या शेजारी एक पान हायाशीचं वाढायची, आणि भाकरी मात्र आधीच तोडून ठेवायची.

गडू मी नमुन्यांच्या खोलीत, कापसाच्या पुड्यांआड लपवला होता. पुढे युद्ध आलं आणि तिकडचा समुद्र बंद झाला. निजामी गेली. किसनलालजी गेले, जिनिंगची धुराडी थंडावली. आणि एका उन्हाळ्यात पार्वतीही गेली, माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवून. तिच्यानंतर गडू घरी आणला. ज्याच्यापासून लपवायचं, असं आता घरात कुणी उरलं नाही. खोटं बोलणाऱ्याला शिक्षा होते ती ही: ज्यांनी क्षमा केली असती, ती माणसं एकेक करून निघून जातात, आणि तो सत्याबरोबर एकटा उरतो.

हे पाणी शहागडला नेऊन सोडावं, असं कितीदा मनात आलं! एकदा घाटापर्यंत गेलोही. पण ते पार्वतीनं ज्या बाईसाठी न्यायला सांगितलं होतं, तिला न विचारता सोडणारा मी कोण? एकदा तसं केलं होतं, तेवढं पुरे आहे. गडू घेऊन परत आलो.

आज सकाळी तो कानाशी धरला. आवाज झाला, तसाच, झोपेतल्या ओठांचा. आणि त्या आईला तिच्या मुलाबद्दल सांगण्यासारखं जे माझ्यापाशी होतं, ते मी पिशवीत घालून नेलंच नव्हतं, हे इतक्या वर्षांनी लख्ख दिसलं. तिला गंगा नको होती. कदाचित हाडंसुद्धा त्यानंतरच हवी होती. खराट्यावर हनुवटी टेकून ती जे ऐकायला थांबली असती, ते अगदी साधं होतं. माझ्या अंगणात आज सीताफळांची पाटी आली आहे. मी गडू पुढ्यात ठेवला, जोडे काढले, जमिनीवर बसून वाकलो आणि ते पहिलं वाक्य मोठ्यानं म्हणालो: आई, तुमच्या मुलाला शेवटच्या दिवशी सीताफळ गोड लागलं होतं.