पारोसं घर

मी घर सोडलं त्या सकाळी आईने हातावर दही घातलं आणि काकीने केरसुणी दाराआड सारली. माणूस लांबच्या वाटेला निघालं की लगेच केर काढत नाहीत, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेच. पण साताऱ्याकडचं आमचं गाव फौजेतल्या लोकांचं, त्यामुळे आमच्याकडे ही रीत जरा जास्तच ताणलेली. माणूस पोचल्याचा निरोप येईपर्यंत केरसुणीला हात लावायचा नाही. घर पारोसं राहिलं तरी बेहत्तर.

तात्या, म्हणजे माझे वडील, सुभेदार होऊन निवृत्त झालेले. ते उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "या घरातनं बिगर वर्दीचा निघालेला तू पहिला गडी." ती शाबासकी होती की टोमणा, हे मला अजून कळलेलं नाही. टोरांटोला उतरून, फोनकार्ड शोधून घरी फोन लागेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. पलीकडून आई म्हणाली, "पोचलास न्हवं? मग झाडू का आता? शिंकून शिंकून बेजार झालोय आम्ही."

वर्दी मी ठरवून टाळली होती. कारण आप्पा. आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते, काकीचे यजमान. मी पाचवीत असताना ते शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेले. जाताना हसत होते. "लढाई नाही काही, दोघं भांडत होते, त्यांच्यात समेट झालाय. तो मोडू नये एवढं बघायचं," असं त्यांनी आम्हा पोरांना समजावलं. पोचल्याचा निरोप आला, काकीने घर झाडलं. पुढे समेट राहिला बाजूला, आणि मधे उभे असलेलेच लढाईत ओढले गेले. आप्पांची लोखंडी पेटी परत आली, आप्पा आले नाहीत. काकी तेव्हा पंचविशीचीही नसेल. ती फारशी रडली नाही. कितीतरी वर्षं एकच वाक्य बोलायची, "लढाईला गेले असते तर मन घट्ट केलं असतं. हे शांततेला गेल्ते."

तात्याही त्यावर एकदाच बोलले. "चौकी पुढं नेली की तिला राखायला आणखी एक चौकी पुढं न्यावी लागती. मग मागं यायचं कुणी नाव काढत नाही." एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले.

हे सगळं मागे टाकून मी इकडे आलो, असं मला वाटत होतं. पहिली दोन वर्षं स्कारबरोच्या एका बेसमेंटमध्ये काढली. तिथल्या खिडकीतून फक्त लोकांचे बूट दिसायचे. मग लग्न झालं, वैशाली पुण्याहून आली, मुक्ता झाली, आणि आम्ही मिसिसागात घर घेतलं. डोक्यावरून विमानं जातात, पण ती बिचारी प्रवाशांची. इथली संकटं म्हणजे दारातला बर्फ शोव्हलने उपसणं, विंटर टायर वेळेवर बदलणं, बर्फावर घसरून कंबर न मोडून घेणं. असल्या संकटांचा मला अभिमान होता. गावी फोन केला की मी त्यांचीच रडगाणी गायचो, आणि मनातून सुखावायचो.

कॉलेजात असताना मुक्ता रिझर्व्ह फौजेत भरती झाली. वीकेंडला कवायत आणि एरवी अभ्यास. मी बराच आरडाओरडा केला. ती म्हणाली, "बाबा, रिलॅक्स. इट्स कॅनडा. हू आर वी गोइंग टू फाइट?" मलाही तसंच वाटत होतं. तात्यांनी मात्र व्हिडिओ कॉलवर तिला वर्दीत पाहिलं आणि खुर्चीतून उठून सॅल्यूट ठोकला. त्यांना इतकं खूश मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्याच वर्षी ते गेले, पाठोपाठ आई गेली, आणि गावच्या घरात काकी एकटी उरली.

मग युक्रेनची लढाई पेटली. सुरुवातीला इथले पुढारी म्हणायचे, आम्ही फक्त हेल्मेटं आणि औषधं देतोय. मग तोफा दिल्या. मग रणगाडे. लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं देणार नाही, देणार नाही म्हणत तीही काही देशांनी दिली. दर वेळी सांगायचे, हे पाऊल लहानच आहे. प्रत्येक पाऊल खरंच लहान होतं, म्हणूनच मला धास्ती वाटायची. समोरच्या रशियाकडे अणुबॉम्ब आहेत. तो उगाच धमक्या देतो, असं मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणात एकजण श्रीखंड वाढून घेता घेता म्हणाला. "त्याची काय टाप लागून गेलीय!" मला त्याच्या हातातली वाटी काढून घ्यावीशी वाटली. त्याचा मुलगा अकाउंटंट आहे.

पण हे मी सगळ्यांपुढे बोलू शकत नाही. आमच्या शेजारच्या बेसमेंटमध्ये ओक्साना राहते. लढाई सुरू झाल्यावर ती युक्रेनमधून आली, तिचा भाऊ आघाडीवर आहे. मुक्ताला लॅटव्हियाला पाठवणार असं कळलं तेव्हा ती आमच्या दारात आली, मुक्ताला मिठी मारली आणि "थँक यू, थँक यू" म्हणत रडली. त्या बाईला मी काय सांगू? की तुमच्या मदतीला कोणी जाऊ नये, कारण माझ्या पोरीचं नाव त्यात आहे? तिचं गाव बेचिराख होत असताना मी लहान पावलांचा हिशेब मांडत बसलोय, याची मला लाज वाटते. आणि लाज वाटली म्हणून भीती कमी होत नाही.

लॅटव्हिया रशियाला लागून आहे, राखणीला कॅनडाची फौज तिथे असते, पण तिथे लढाई नाही. मी मनाची तेवढीच समजूत घालत होतो. मग जेवताना मुक्ता सहज म्हणाली, "सीझफायर झालं ना, तर आपले ट्रूप्स युक्रेनमध्ये जातील. आय ऑलरेडी सेड आय'ल गो. फायटिंग नाही, बाबा. इट्स टू कीप द पीस."

मी हातातला घास ताटात ठेवला. आप्पा नेमके हेच बोलले होते. समेट टिकला तर ठीक. मोडला, आणि आपलं एक पोरगं तिथे मेलं, तर इकडचे पुढारी काय परत बोलावतील? ते उत्तर द्यायला निघतील. त्या उत्तराला पलीकडून उत्तर येईल. मी हे सगळं तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दॅट्स व्हाय समवन हॅज टू गो, बाबा." ती तात्यांची नात आहे, दुसरं काय.

ती लॅटव्हियाला निघाली तेव्हा वैशालीने तिच्या हातावर दही घातलं. विरजलेलं संपलं होतं, म्हणून ग्रीक योगर्ट. तिला न्यायला आलेल्या मैत्रिणीची गाडी वळली, दार लागलं, आणि जेवणघरातून घरघर सुरू झाली. आमचा केर काढायचा रोबो. त्याची वेळ ठरलेली आहे, ती बदलायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी मोजे घातलेल्या पायांनी घसरत धावलो. दाराजवळ मुक्ताच्या बुटांची माती पडली होती, तो बरोबर तिकडेच निघाला होता. मी त्याला उचलून उताणा केला. तो हवेत ब्रश फिरवत राहिला. वैशाली आधी हसली, मग जिन्यावर बसून रडायला लागली. मीही तिच्या शेजारी बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला, "लँडेड. ऑल गुड." रिवाजाप्रमाणे आता झाडायला हरकत नव्हती. पण माझा हात होईना. आप्पांचा निरोपही आला होताच की. मी काकीला फोन लावला. मुक्ता कुठे गेलीय हे मी काकीपासून लपवलं होतं. आता सगळं सांगितलं, शांततेचंही.

काकीने विचारलं, "केर काढलास?"

"नाही. भीती वाटते, काकी. तू तेव्हा निरोप आल्याबरोबर झाडलंस, आणि..."

"सुन्या, झाडल्यानं गेले न्हाईत रं ते. धाडणाऱ्यांनी धाडलं म्हणून गेले." तिचा आवाज जरा खाली आला. "पेटी आली तवापास्नं मी रोज झाडते. एक दिस चुकवला न्हाई. येणाऱ्याला घर पारोसं दिसू नये."

चाळीस वर्षं होत आली. इतकी वर्षं मला वाटायचं, काकी टापटिपीची आहे.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, घर कुठलं असं विचारलं की मी आजवर कधी साताऱ्याचं नाव सांगायचो, कधी मिसिसागाचं. आता घर म्हणजे मला एवढंच कळतं, की कोणीतरी दूर गेलंय आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून आपण रोज केर काढतोय. फोन ठेवला. मशिनला हात लावला नाही. कोपऱ्यातला झाडू घेतला आणि दारापासून सुरुवात केली.