आत्याच्या गुडघ्यांची साक्ष

आत्यानं मला फसवलं. हे एवढं वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. जिनं लहानाची मोठी केली तिच्याबद्दल असं लिहितात का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. लिहितात. परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो, लिहीत बसत नाही.

शिरूरला जुन्या मिशनच्या आवारात आमचं घर आहे. आई मी तीन वर्षांची असताना गेली आणि वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून त्यांच्या थोरल्या बहिणीनं मला आपल्याकडे ठेवून घेतलं. आत्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. पस्तीस वर्षं तिनं चुलीपुढे उकिडवं बसून भाकऱ्या थापल्या, आणि निवृत्त झाली तेव्हा तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले होते. उठताना ती आधी भिंतीला हात लावायची, मग देवाचं नाव घ्यायची आणि मग उठायची.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. चाळिशीत माझी मान अशी धरली की फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येईना. औषधं झाली, शेक झाला, गळ्यात पट्टा झाला. शेवटी पुण्याला कुणाच्या तरी सांगण्यावरून चिगाँगच्या वर्गाला गेले. ही चिनी पद्धत. ची म्हणजे प्राण किंवा श्वास, गाँग म्हणजे सराव. पाय खांद्यांएवढे फाकवायचे, गुडघे किंचित सैल सोडायचे, दोन्ही हातांत हंडा धरल्यासारखे हात समोर घ्यायचे आणि श्वासाबरोबर ते सावकाश वर-खाली न्यायचे. इथवर मला काही अडचण नव्हती. पण आमच्या शिक्षिका असंही म्हणायच्या की सराव पक्का झाला की तळहातातून ऊर्जा बाहेर पडते, आणि दुसऱ्याच्या दुखऱ्या जागेवर, स्पर्श न करता, बोटभर अंतरावरून ती देता येते. आठवीच्या वर्गात उष्णतेचं वहन शिकवणाऱ्या बाईनं हे ऐकून हसायला हवं होतं. पण तीन महिन्यांत माझी मान सुटली होती. दुखणं गेलेला माणूस फार प्रश्न विचारत नाही, मीही विचारले नाहीत.

घरी येऊन मी आत्याच्या गुडघ्यावर तळहात धरला. काय वाटतं, म्हणून विचारलं. गरम लागतंय, ती म्हणाली. त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो, आणि आता त्याचीच लाज वाटते.

शाळा सोडून मी आवारातल्या बायकांसाठी वर्ग सुरू करायचं ठरवलं. चर्चचा हॉल हवा होता. पाळकसाहेबांना शंका आली की यात परक्या देवाधर्माचं काही आहे का, कुणाची मूर्ती, कुठला मंत्र. मी समजावून सांगत होते, ते मान डोलावत होते आणि हॉलची किल्ली काही देत नव्हते. मग शुक्रवारच्या प्रार्थनेला आत्या उभी राहिली.

आमच्याकडे प्रार्थनेत साक्ष देतात. कुणाचा ताप उतरला, कुणाच्या मुलीचं जमलं, की माणूस उभा राहून सगळ्यांपुढे ते सांगतो आणि देवाचे आभार मानतो. लहानपणापासून मी शेकडो साक्षी ऐकल्या आहेत. एक गोष्ट मात्र मी कधी ऐकली नाही, ती म्हणजे अर्धी साक्ष. थोडं बरं आहे, थोडं दुखतं, संध्याकाळी जरा जास्त, असं सांगायला कुणी उभं राहत नाही. उभं राहायचं ते गेलं म्हणूनच सांगायला. आत्यानंही तसंच सांगितलं. भाचीच्या हातून देवानं माझे गुडघे मोकळे केले, ती म्हणाली, आणि भिंतीला हात न लावता खाली बसली. पुढच्या सोमवारी किल्ली माझ्या हातात होती.

वर्ष-दीड वर्ष वर्ग चालला. मग पुण्याहून एक डॉक्टरीणबाई आल्या. त्या सांध्यांच्या दुखण्यावर काम करत होत्या आणि चिगाँगचा खरंच उपयोग होतो का हे त्यांना शास्त्रीय पद्धतीनं तपासायचं होतं. त्या म्हणाल्या, यावर बाहेर बरंच काम झालंय, पण पुष्कळसं लहान आणि कच्चं आहे, आणि ज्यांना गुण यायला हवा असतो तेच मोजतात ही मोठी अडचण आहे. मी जोरजोरात मान हलवली. माझी सुटलेली मान.

बेत असा होता. शिरूरच्या बायकांनी बारा आठवडे चिगाँग करायचं. दौंड तालुक्यात खुटबावला तेवढ्याच बायकांनी तेवढाच वेळ नुसते साधे व्यायाम करायचे, हातपाय हलवायचे, श्वासाचं किंवा ऊर्जेचं नावही काढायचं नाही. शिकवणार दोन्हीकडे मीच. दर आठवड्याला प्रत्येकीला विचारायचं की दुखणं शून्य ते दहापैकी किती. शिवाय दुखण्यावरची गोळी घेतली का, हो किंवा नाही. विचारायला बाईंनी एक मुलगी नेमली होती, हातात टॅब घेऊन येणारी, गुणी आणि हसतमुख. पण शिरूरच्या बायका तिच्यापुढे तोंड उघडेनात. बरं हाय, एवढं म्हणून पदर सारखा करायच्या. आकडा काही मिळेना. तेव्हा बाईंनी मला विचारलं की तुम्हीच बसाल का, तुम्ही घरच्या आहात. मला वाटलं हा माझा मान आहे. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

मंगळवारी शिरूर, गुरुवारी खुटबाव. खुटबावच्या बायका शेवंती-झेंडूच्या मळ्यातून सरळ यायच्या, बोटांना फुलांचा हिरवट वास, आणि माझी कुणाची ओळख ना पाळख. त्या तोंडावर सांगायच्या. एक म्हणाली, काल सहा होतं, आज सात लिहा, तुमच्या या हातवाऱ्यानं काय व्हतंय. मी निमूट सात लिहायचे आणि येताना एसटीत चिडलेली असायचे. मंगळवारी मात्र जिवाला थंडावा. पाच, तीन, दोन, एक. सातव्या आठवड्यात आत्यानं शून्य सांगितलं. मग दुसरीनं, मग तिसरीनं. दहाव्या आठवड्यात शिरूरच्या कागदांवर जवळजवळ सगळी शून्यंच होती.

आणि शून्याला पुरावाही होता. आत्या दर पंधरा दिवसांनी दौंडला जायला लागली होती. वसतिगृहात तिच्याबरोबर काम केलेली एक बाई तिकडे राहते, तिला भेटायला. एसटीच्या त्या उंच पायऱ्या एकटी चढून ती जाते म्हणजे बघा, असं मी शेजारणीला सांगितलं. फॉर्मवर शेऱ्याचा रकाना होता, त्यात मी लिहिलंही. ‘आता एकटी एसटीने दौंडला जाते.’ खाली रेघ मारली.

अकराव्या आठवड्यातल्या रविवारी उपासना संपल्यावर आत्या चर्चच्या पायऱ्या उतरता उतरता खाली बसली. घाम फुटला होता, ओठ पांढरे पडले होते. रिक्षात घालून आम्ही तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, पोट दाबलं, शौचाला काळी होते का विचारलं. मग दुखण्यावरच्या गोळ्या चालू आहेत का, असं विचारलं.

उत्तर मी दिलं. नाही म्हणाले. एकही नाही, अकरा आठवडे माझ्याकडे लिहून ठेवलंय, म्हणाले.

डॉक्टरांनी आत्याकडे पाहिलं. आत्या छताकडे पाहत होती. मग हळूच म्हणाली, “गीतांच्या पुस्तकाच्या पिशवीत हायेत.”

ती पिशवी माझ्याच खांद्यावर होती. पुस्तकाखाली गोळ्यांची चार रिकामी पाकिटं आणि एक अर्धं. कागदी पुडीवर दौंडच्या औषधाच्या दुकानाचा शिक्का. दिवसाला तीन गोळ्या, बऱ्याचदा उपाशीपोटी, त्यानं पोटात जखम होऊन रक्त जात होतं. शिरूरच्या औषधवाल्याची बायको आमच्या वर्गाला येते, तिथून घेतल्या तर मला कळलं असतं. म्हणून दौंड. ज्या पायऱ्यांचं मी कौतुक लिहिलं होतं त्या ती गोळ्या आणायला चढत होती.

रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला तेव्हा मी विचारलं, कधीपासून.

“पयल्या आठवड्यापासनं,” ती म्हणाली. “तू कागद घिऊन पुढ्यात बसायचीस, आन् आकडा सांगायच्या आधीच तुझं तोंड फुललेलं असायचं. जवा पाच म्हणलं तवा तू एवढुशी झालीस. मग न्हाई म्हणवलं.”

“आणि ते गरम लागतंय?”

ती चादरीची कड सारखी करत राहिली.

मला राग आला. इतका की मी तिला पेज भरवत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. तिच्या जिवावर बेतलं होतं ही भीती होतीच, पण भीतीच्या खाली राग होता आणि तो जास्त खरा होता. चाळीस वर्षं जिच्या शब्दावर मी डोळे मिटून चालले, तिनं दर मंगळवारी माझ्या डोळ्यांत बघून खोटं सांगितलं होतं. तेही माझ्या भल्यासाठी, म्हणजे भांडायचीही सोय नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. कापणारा जीव लावत असतो म्हणून तर केस वापरतो.

मग मी शिरूरच्या एकेकीच्या घरी गेले. आधी सगळ्यांनी कानावर हात ठेवले. आत्याची हकिगत सांगितल्यावर एक कबूल झाली, मग सगळ्याच. कुणी मलम लावत होती, कुणी इंजेक्शन घेऊन आली होती, एकीला खरंच थोडा फरक होता पण थोडा सांगायचा कसा म्हणून तिनं सगळा सांगितला. तिचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. “तुमच्या आत्यांनी साक्ष दिल्याली. त्यांच्या म्होरं आमी उलटं कसं सांगावं?” म्हणजे मी हॉलमध्ये शून्य ते दहा विचारत होते आणि त्या शुक्रवारच्या प्रार्थनेतल्यासारखं उत्तर देत होत्या. आणि हे मला कळू नये? मी त्याच बाकांवर वाढले. खुटबावच्या बायकांना माझी पर्वा नव्हती म्हणून त्या खरं बोलल्या, आणि त्यांच्यावर मी चिडत होते.

डॉक्टरीणबाईंना फोन करण्यापेक्षा मी समक्ष गेले. कागद त्यांच्या टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. त्या बराच वेळ शून्यांवरून बोट फिरवत राहिल्या. चूक माझी आहे, त्या म्हणाल्या, शिकवणाऱ्याला विचारायला बसवायचं नसतं हे मला माहीत होतं. त्यांनी मला बोलही लावला नाही, त्याचा मला जास्त त्रास झाला. शिरूरचे फॉर्म बाद झाले, आणि शिरूर नाही तर खुटबावलाही अर्थ उरला नाही. चिगाँगनं गुण येतो की नाही, या प्रश्नाचं उत्तर तिथंच राहिलं. येत नाही असंही सिद्ध झालं नाही. आमच्या प्रेमापोटी आम्ही तो प्रश्न विचारण्याच्याच लायकीचा ठेवला नाही.

परत येताना माझी मान दुखायला लागली. कदाचित ती मधल्या काळातही दुखत असेल. मला ठाऊक नाही. मीही गेलं म्हणूनच सांगत होते ना, वर्गात, चर्चमध्ये, आरशापुढे. आत्यानं मला फसवलं आणि मी मानेला, की मानेनं मला, हे आता सोडवत बसण्यात अर्थ नाही. हॉलची किल्ली मी पाळकसाहेबांना परत दिली. बायका अजून विचारतात, वर्ग परत कवा. मी हसून वेळ मारून नेते.

आत्या बरी झाली. गोळ्या बंद, डॉक्टरांनी दिलेलं पथ्य चालू, काठी आली. ती बरी होऊन घरी आली तेव्हा मी तिला बसवून एकच गोष्ट सांगितली. यापुढे जे असेल ते खरं सांग, दुखत असेल तर दुखतं म्हण, माझ्या तोंडाकडे बघू नकोस. तिनं मान हलवली, आणि शब्दही पाळला. सकाळी चहा देताना मी विचारते, गुडघे कसे आहेत, आणि ती म्हणते, दुखत्यात. रोज. दोन वर्षांत एकदाही बरं आहे म्हणाली नाही.

परवा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली अंगणात कुणाची तरी शेळी शिरून कढीपत्त्याला लागली. आत्या ओट्यावरून उठली, काठी न घेता, भिंतीला हात न लावता, आणि शेळीला फाटकाबाहेर हाकलून तशीच तरातरा परत आली. मी वर आहे हे तिला माहीत नव्हतं. मी खाली आले. चहा टाकला, कप तिच्या हातात दिला आणि विचारलं, आज गुडघे कसे आहेत.

तिनं कप खाली ठेवला. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, “लई दुखत्यात, बाई.”