एक चमचा म्हशीचं

आठ महिन्यांच्या नातीला दूध चालत नाही, हे कोल्हापुरात चारचौघांत सांगणं म्हणजे घराण्याचा कमीपणा कबूल करणं. आईच्या दुधाला जोड म्हणून डब्यातलं साधं दूध दिलं, तर पोरीच्या अंगभर गांधी उठल्या. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "गाय, म्हैस, शेळी, तिन्ही बंद." त्याऐवजी दुधातला न सोसणारा भाग आधीच फोडून बारीक केलेली एक पावडर त्यांनी लिहून दिली. हीही सोसली नाही, तर त्यापुढची पावडर गावात मिळत नव्हती.

पावडरीला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास. बाटली दिसली की नात मान फिरवायची. दोन आठवडे वजनाचा काटा हलला नव्हता.

त्यातच मलकापूरकडं चार म्हशी बाळगून असलेल्या थोरल्या भावाचा फोन आला. "आरं, म्हशीच्या दुधानं आपल्यात कधी कुणाला काय झालंय व्हय? ती डॉक्टरीण बाहेरनं आलीया. तिनं आपली म्हस कुठं बघितलीया?"

"तसं नसतं दादा," मी सुशिक्षितासारखं म्हणालो. पण मनातून मला पटलं होतं. बावन्न वर्षं मी त्याच दुधावर वाढलोय. वाढ पोटाच्याच बाजूनं झाली, ते सोडा.

त्या दिवशी सूनबाई शाळेत शिकवायला गेल्या होत्या, मुलगा कामावर, बायको बँकेत. नातीनं सकाळपासून दोनदा बाटली ढकलली आणि रडून रडून तिचा आवाज बसला. मी तापवलेल्या म्हशीच्या दुधाचा एक चमचा, फक्त चवीला, त्या पावडरीत कालवला.

ती घटाघटा प्यायली. मला इतका आनंद झाला, की भावाला फोन लावायला उठलो. नंबर लागायच्या आत तिच्या ओठांभोवती लाल चट्टे उमटले. मग कान लाल. एक पापणी सुजून डोळा झाकला. तिनं भडाभडा उलटी केली आणि खोकायला लागली.

शेजारच्या रिक्षावाल्यानं आम्हाला कसं पोचवलं ते आठवत नाही. माझ्या पायात बायकोची चप्पल होती, हे दवाखान्यात कळलं.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "काय दिलं होतं?"

"पावडर," मी म्हणालो.

तेवढ्यात निरोप मिळून सूनबाई शाळेतून धावत आल्या. लेकीचा चेहरा बघून त्यांनी तिला उचलून छातीशी धरलं. पोरीचा श्वास हळूहळू मोकळा झाला. मग डॉक्टरीणबाईंनी पावडर लिहिलेला जुना कागद समोर ओढला. "म्हणजे हीसुद्धा सोसत नाही. बंद करावी लागेल."

"मग आता तिला द्यायचं काय?" सूनबाईंनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

पेन कागदावर टेकलं. मी गप्प बसलो असतो तर माझी अब्रू वाचली असती, आणि पोरीला चालणारं वरचं एकमेव दूध खोडलं गेलं असतं.

"थांबा," मी म्हणालो. "म्हशीचं होतं त्यात. एक चमचा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. सूनबाईंनी माझ्याकडं पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नुसती पावडर देऊन याआधी कधी काही उठलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं.

"नाही. नुसती थुंकते."

"मग तीच चालू ठेवा. आणि आज हिला इथंच ठेवू, लक्ष ठेवायला हवं."

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर सूनबाईंनी पावडर कालवली आणि अर्धा कप माझ्यासमोर ठेवला. "बाबा, प्या."

प्यालो. कडू, तुरट, वर घशात चिकटणारं. माझं तोंड असं काही वाकडं झालं, की मांडीवरची नात रडायची थांबून टक लावून बघत राहिली. तेवढ्यात सूनबाईंनी चमचा तिच्या ओठांना लावला. एक घोट गेला. दुसरा तिनं थुंकला.

"आणखी प्या," सूनबाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

मी कप पुन्हा तोंडाला लावला.